वॉर्डात आज किती सिस्टर?

६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. काही दिवसांतच पोलिसांनी चौघांना अटक केली. त्यांत एक वैद्यकीय अधिकारी होती आणि तीन परिचारिका. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून १० बाळं गेली होती. तिथेही गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. वायरिंग कोणी तपासायचं होतं, अग्निसुरक्षेची फाईल कोणाच्या टेबलावर होती, त्या कक्षांत किती जणींची नेमणूक हवी होती आणि प्रत्यक्षात किती होत्या, हे प्रश्न चौकशी समित्यांकडे गेले. लोकांच्या लक्षात राहिली ती अटक.

आग ही टोकाची घटना. पण बातमी न होणाऱ्या रोजच्या घटनांतही आपली रीत हीच. चुकीचं इंजेक्शन गेलं, सलाईन लावलेला हात सुजून काळानिळा पडला, ऑपरेशनची जखम चिघळली, काचेच्या पेटीतल्या बाळाला जंतुसंसर्ग झाला, की पहिला प्रश्न येतो: ड्यूटीवर कोण होतं? याचं उत्तर बहुतेक वेळा एका बाईचं नाव असतं. किती जणी होत्या, हे कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की हा दुसरा प्रश्न आधी विचारला पाहिजे, आणि त्याचं उत्तर रुग्णालयाने रोज, पाळीगणिक, वॉर्डच्या दारावर खडूने का होईना लिहिलं पाहिजे. औषध देताना काय काय पाहायचं, हात कधी धुवायचे, सुई कुठे टाकायची हे नियम प्रत्येकीला पाठ असतात. मी ते वर्गात शिकवते, विद्यार्थिनी परीक्षेत घडाघडा लिहितात, आणि वॉर्डात गेल्यावर पहिल्याच रात्रपाळीत त्यांना कळतं की तासाला मिनिटं साठच असतात.

त्यात कायद्याचा भाग आणखी विचित्र आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना तसं घडलं तर कमाल दोन वर्षं. ही सवलत असावी की नसावी हा वेगळा वाद. पण नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक कोण, याची व्याख्या त्याच कलमाखाली दिली आहे, आणि ती राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याने मान्य केलेली पदवी असलेल्या डॉक्टरांपुरती आहे. परिचारिका त्यात बसत नाही. म्हणजे एकाच खाटेवरच्या एकाच रुग्णाबाबत डोस चुकीचा लिहिणाऱ्याला दोन वर्षं आणि लिहिल्याबरहुकूम देणारीला पाच, असं कागदावर तरी होऊ शकतं. २००५ साली जेकब मॅथ्यू या डॉक्टरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऊठसूट अटक करू नये म्हणून जी पथ्यं घालून दिली, तीही डॉक्टरांना डोळ्यांसमोर ठेवून. संसदेत हे विधेयक आलं तेव्हा डॉक्टरांच्या संघटना जाग्या होत्या. परिचारिकांसाठी तिथे कोण बोललं?

आता रात्री दहाच्या औषधांची फेरी पाहू. वॉर्ड मेडिसिनचा, खाटा तीस, रुग्ण चाळीस. वरचे दहा जण जमिनीवर गादी टाकून. सिस्टर एक, मदतीला झालीच तर एखादी विद्यार्थिनी. ट्रॉलीवर अँटिबायोटिकच्या व्हायल. प्रत्येक व्हायलमध्ये पाणी घालून पावडर पूर्ण विरघळेपर्यंत हलवायची, सिरिंजमध्ये ओढायची, कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली नळी, चालू आहे का पाहायचं, हळूहळू सोडायचं. सेफ्ट्रिअॅक्सोन असेल तर त्याच नळीतून त्याच्याशी न जुळणारं रिंगर लॅक्टेट हे सलाईन चालू नाही ना, ते पाहायचं. एखाद्याला साखर तपासून इन्सुलिन, एखाद्याला रक्तदाब मोजून गोळी. एका रुग्णामागे तीनच मिनिटं धरली तरी चाळीस जणांना दोन तास लागतात. दहाचं औषध शेवटच्या रुग्णाला बाराला मिळतं. आणि ही तीन मिनिटंही अखंड मिळतात कुठे? सिस्टर, सलाईन संपलं. सिस्टर, बाबांना उलटी झाली. सिस्टर, कॅज्युअल्टीतून नवीन पेशंट येतोय, खाट आहे का? सिडनीच्या दोन रुग्णालयांत परिचारिकांच्या मागे उभं राहून केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. औषध देताना येणाऱ्या प्रत्येक अडथळ्यागणिक चुकांचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होतं. आपल्या वॉर्डात असं मोजायला कोणी उभं राहिलं, तर अडथळे नोंदवता नोंदवता त्याचीच वही संपेल.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. हे पाच नियम जगभर पहिल्या वर्षाला शिकवतात. यातला पहिला, योग्य रुग्ण, हा सगळ्यांत सोपा वाटतो. मोठ्या खासगी रुग्णालयांत मनगटावर पट्टी असते. सरकारी वॉर्डात ओळख खाटेच्या नंबराने: बारा नंबरला इन्सुलिन, चौदा नंबरला लघवीचं औषध. पण पंख्याखालची खाट रिकामी झाली की बारा नंबरचे आजोबा नातवाच्या मदतीने तिकडे सरकतात. केसपेपर मात्र जुन्याच खाटेच्या दांडीला अडकवलेला राहतो. त्यात जमिनीवरच्या रुग्णांना बारा अ, बारा ब असे नंबर. नाव विचारलं तर गुंगीतला रुग्ण कुठल्याही नावाला मान हलवतो. अशा वेळी सिस्टरने नातेवाइकाला उठवून पूर्ण नाव विचारावं, केसपेपरशी ताडून पाहावं, हे बरोबरच आहे. पण त्याला अर्धं मिनिट लागतं, आणि चाळीस रुग्णांच्या हिशेबात त्याची वीस मिनिटं होतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी आधी सगळ्यांच्या चार्टवर सह्या उरकतात आणि मग ट्रॉली निघते. हे चूकच आहे. मीही विद्यार्थिनींना तसं करू देत नाही. पण सकाळी राउंडला साहेब आल्यावर चार्ट अपुरा दिसला तर मेमो मिळतो आणि औषध दोन तास उशिरा गेलं तर काहीच होत नाही, अशी व्यवस्था असेल तर माणूस कुठली गोष्ट आधी करेल?

काही सापळे तर वॉर्डात आधीच मांडून ठेवलेले असतात. इन्सुलिनचं उदाहरण घ्या. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, पेनमधलं आणि काही कुप्यांतलं १०० युनिटचं. सिरिंजही दोन तऱ्हेच्या, लाल टोपणाची ४० साठी आणि केशरी टोपणाची १०० साठी. पेनचं टोपण हरवलं, सुई संपली, म्हणून कोणी पेनच्या काडतुसातलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं, तर २० युनिटच्या रेघेपर्यंत भरलेल्या सिरिंजमधून ५० युनिट जातात. पहाटे रुग्ण घामाने निथळत बेशुद्ध सापडतो. दुसरं उदाहरण पोटॅशियम क्लोराइडचं. दहा मिलिलिटरची ती प्लास्टिकची अँप्युल शेजारच्या डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलसारखीच दिसते. ते सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायचं असतं, थेट शिरेत सोडलं तर हृदय थांबतं. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये २००२-०३ च्या सुमारास हे तीव्र द्रावण साध्या वॉर्डांतून उचलायची मोहीम झाली: फार्मसीने पातळ करून पाठवायचं, वॉर्डात अँप्युल ठेवायचीच नाही. आपल्याकडे अजूनही कित्येक ठिकाणी ती औषधांच्या ट्रेमध्ये बाकीच्या अँप्युलांच्या शेजारी बसलेली दिसते. कुलूपबंद कप्पा, लाल चिकटपट्टी आणि दुसऱ्या सिस्टरची सही, एवढ्याने बरंच भागतं. पण रात्री दुसरी सिस्टर असेल तेव्हाच दुसरी सही मिळणार.

नावांचा गोंधळ वेगळाच. २००१ साली सर्वोच्च न्यायालयासमोर कॅडिला नावाच्या दोन कंपन्यांचा खटला होता. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब, दोन्ही मलेरियावरची औषधं, आतली द्रव्यं मात्र वेगळी. औषधांच्या नावांतल्या सारखेपणाची कसोटी इतर मालापेक्षा कडक हवी, असं न्यायालयाने बजावलं. त्यानंतरही बाजारात एकसारख्या नावांची कमतरता नाही. सरकारी रुग्णालयात ती अडचण चिठ्ठीतून येते. औषध स्टॉकमध्ये नाही, बाहेरून आणा. नातेवाईक रात्री अकराला गेटसमोरच्या मेडिकलमधून पिशवी भरून आणतात. चिठ्ठीवर एक ब्रँड, मेडिकलवाल्याने दिलेला दुसरा, आणि सिस्टरने यापूर्वी कधी न पाहिलेला. ती पिशवी उशाखाली राहते. दुसऱ्या दिवशी औषध बदललं जातं, पिशवी तिथेच. डिस्चार्जपर्यंत त्या उशाखाली तीन तऱ्हेच्या अँटिबायोटिक जमा झालेल्या मी पाहिल्या आहेत. औषधखरेदीचा घोळ मंत्रालयात होतो आणि त्याचा शेवट अशा उशीखाली होतो. राज्यातली खरेदी २०१७ साली हाफकिन या सरकारी महामंडळाकडे दिली, तिथे तुंबली, म्हणून २०२३ साली वेगळं प्राधिकरण स्थापायचा कायदा केला. औषधांतल्या चुकांची चर्चा करताना हा इतिहास कोणी काढत नाही.

संसर्गाबाबतही तोच हिशेब. व्हिएन्नाच्या प्रसूती वॉर्डात इग्नाझ सेमेलवाइसने १८४७ साली डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. त्याच्या हयातीत अनेक डॉक्टरांनी ते मानलं नाही, पण आज याबाबत शंका उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे हाताला जंतुनाशक द्रव चोळायला २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने धुवायला ४० ते ६० सेकंद. रुग्णाला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर, निदान दोनदा. चाळीस रुग्णांच्या एका फेरीत नुसतं २० सेकंदांचं चोळणं धरलं तरी १,६०० सेकंद होतात, म्हणजे जवळजवळ अर्धा तास म्हणा. हे पाणी लागत नाही अशा द्रवाचं झालं. बेसिन वॉर्डाच्या एका टोकाला, तोटी हाताने पिळायची, साबण वाटीत विरघळलेला, पुसायला सगळ्यांत मिळून एक टॉवेल, असं असेल तर काय होणार ते सांगायला नको. मग हातमोजे येतात. एकच जोडी घालून सहा खाटा. हातमोज्याने सिस्टर वाचते, रुग्ण नाही.

एक गोष्ट तर इतकी सवयीची झाली आहे की कोणाला खटकतही नाही. शंभर मिलिलिटरची सलाईनची बाटली टेबलावर ठेवलेली, तिच्या रबरी बुचात सुई खोचून ठेवलेली, आणि प्रत्येक कॅन्युला फ्लश करायला त्याच सुईतून पाणी ओढायचं. बुचात सुई उघडी राहिली म्हणजे बाटली उघडीच. सकाळी फोडलेली बाटली रात्रीपर्यंत चाळीस शिरांत पोचते. हे बंद करायला लागतात त्या एका रुग्णापुरत्या छोट्या अँप्युल, म्हणजे खर्च, किंवा आधी भरून ठेवलेल्या सिरिंज, म्हणजे माणूस. प्रशिक्षण शिबिरात स्लाइड दाखवून ते बंद होत नाही. कचऱ्याच्या पिशव्यांचंही तसंच: पिवळी, लाल, पांढरा डबा, निळा, २०१६ चे नियम भिंतीवर चिकटवलेले आहेत. पांढरा डबा भरून ओसंडतो तेव्हा सुई दोन बोटांनी दाबून आत ढकलायची पाळी मावशींवर येते.

नांदेड आठवा. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू, त्यांतली १२ नवजात बाळं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधं होती की नव्हती, रुग्ण किती उशिरा आणि कुठून आले, यावर वाद झडले. आणि महाराष्ट्राला काय आठवतं? एका खासदारांनी कॅमेऱ्यासमोर अधिष्ठात्यांना घाणेरडं शौचालय साफ करायला लावलं ते. शौचालय घाण होतं हे खरं. रुग्णालयात घाण शौचालय म्हणजे संसर्गाचं घरच. पण ते साफ करायला सफाई कामगारांची किती पदं होती आणि किती भरली होती, हे खासदारांना त्याच अधिष्ठात्यांना विचारता आलं असतं. ते उत्तर घेऊन मुंबई-दिल्लीत जाता आलं असतं. व्हिडिओ मात्र इतका चालला नसता.

आता प्रमाणाकडे. भारतीय परिचर्या परिषदेचा जुना निकष सगळे तोंडपाठ सांगतात: शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक, शिवाय रजेसाठी ३० टक्के जास्तीच्या. ऐकायला छान वाटतं. पण हे प्रमाण तिन्ही पाळ्या मिळून आहे. तीनास एक म्हणजे एका पाळीला नऊ रुग्णांमागे एक, आणि पाचास एक म्हणजे पाळीला पंधरांमागे एक. म्हणजे निकष शंभर टक्के पाळला तरी जिल्हा रुग्णालयातल्या सिस्टरकडे पंधरा रुग्ण असणार. त्यात रिक्त पदं, प्रसूती रजा, लसीकरणाच्या मोहिमेवर पाठवलेल्या, ऑफिसात आकडे भरायला बसवलेल्या. चाळीस हा आकडा असा तयार होतो.

कॅलिफोर्नियाने १९९९ साली कायदा केला आणि २००४ पासून अमलात आणला. तिथे साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचापेक्षा जास्त रुग्ण देता येत नाहीत. हे पाच तिन्ही पाळ्यांचे मिळून नव्हेत, त्या क्षणाचे. एक जेवायला गेली तरी प्रमाण मोडता कामा नये. अमेरिकेच्या तुलना आपल्याला परवडत नाहीत हे मान्य. पण त्यामागचं कारण परवडण्याच्या पलीकडचं आहे. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची ३० दिवसांत मरण पावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. बारा वर्षांनी नऊ युरोपीय देशांतल्या रुग्णालयांत तशीच पाहणी झाली. आकडा पुन्हा सातच आला. तिथे चार, सहा, आठ रुग्णांमधला फरक मोजला जात होता. पंधरा आणि चाळीस हे त्या तक्त्यात नव्हतेच.

इथे कोणीतरी मुंबईच्या केईएम रुग्णालयाचं उदाहरण देतं, आणि द्यावंच. १९७३ ते २०१५, हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळलेल्या तिथल्याच परिचारिका अरुणा शानभाग यांची शुश्रूषा त्या रुग्णालयाच्या परिचारिकांनी केली. इतकी वर्षं लोटूनही त्या बाईच्या अंगावर एक बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, नव्हता, याची नोंद २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो. माझ्या लेखी ती पाळीपत्रकाची आहे. बेडसोअर टळतो तो दर काही तासांनी कूस बदलल्याने, चादरीची सुरकुती काढल्याने, ओलं अंग कोरडं केल्याने. हे रात्री दोनला आणि पहाटे चारलाही करावं लागतं. पिढ्यानपिढ्या हे काम आलटून पालटून अंगावर घेणारे हात तिथे होते. माया नसती तर हे झालं नसतं, आणि हात नसते तरी झालं नसतं. मायेचं कौतुक करणारं भाषण दर १२ मेला, परिचारिका दिनी, होतं, हातांच्या भरतीची जाहिरात मात्र वर्षानुवर्षं निघत नाही. निघाली तर कंत्राटी. २०२२ च्या मे महिन्यात बाह्यस्रोतामार्फत भरतीला विरोध म्हणून राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा रुग्णांना वेठीला धरल्याची टीका झाली. अकरा महिन्यांच्या करारावरची सिस्टर वरिष्ठाला, साहेब, हा डोस जास्त वाटतोय, असं म्हणायला किती धजावेल? औषधातली चूक खाटेपाशी पोचण्याआधी अडवणारी शेवटची व्यक्ती तीच असते, आणि तिलाच आपण बोलायची भीती घालून ठेवली आहे.

भीतीचं काय होतं ते अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये दिसलं. डिसेंबर २०१७ मध्ये व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयात एका परिचारिकेने औषधाच्या यांत्रिक कपाटातून शामक औषधाऐवजी स्नायू लुळे करणारं व्हेक्युरोनियम काढलं आणि ७५ वर्षांची रुग्ण दगावली. परिचारिकेने चूक लगेच सांगितली होती. कपाटाचा सुरक्षा-अडथळा ओलांडून औषध काढायची तिथे सवयच पडली होती, असं तिच्या बचावात मांडलं गेलं. कुपीवरचा ठळक इशारा तिने वाचला नाही, हेही खरंच. मार्च २०२२ मध्ये तिला फौजदारी दोषी ठरवलं गेलं, मे महिन्यात तीन वर्षांच्या देखरेखीची शिक्षा झाली. तुरुंगवास झाला नाही, पण चुका सांगायला लोक आता कचरतील, असा इशारा तिथल्या परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने दिला. आपल्याकडे त्यासाठी निकालाची वाट पाहावी लागली नाही. गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिरवणाऱ्या रुग्णालयाच्या मासिक तक्त्यात औषधांच्या चुका: शून्य, असं मी वाचते तेव्हा मला तिथे दाखल व्हायची धास्ती वाटते. महिन्याला हजारो डोस देणाऱ्या ठिकाणी शून्य चुका म्हणजे शून्य नोंदी.

मग कोणालाच शिक्षा नको का, असं लगेच विचारलं जातं. हवी. २००९ साली गुजरातेत मोडासा परिसरात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने कावीळ-ब पसरून कित्येक जीव गेले. २०१८ साली उत्तर प्रदेशातल्या बांगरमऊमध्ये एकाच सुईने इंजेक्शनं देणाऱ्या भोंदूमुळे एचआयव्ही पसरल्याचं उघड झालं. हे धंदे आहेत, त्यांना तुरुंगच हवा. ड्यूटीवर पिऊन आलेल्याला, चूक लपवायला चार्ट खोडणाऱ्याला, जाणूनबुजून वापरलेली सिरिंज पुन्हा वापरणाऱ्यालाही. पण एकसारख्या दिसणाऱ्या दोन अँप्युलांपैकी रात्री तीनला चुकीची उचललेल्या सिस्टरला निलंबित केलं, की दोन्ही अँप्युल त्याच ट्रेमध्ये राहतात आणि पुढच्या आठवड्यात तिथे नवी सिस्टर येते.

खासगी रुग्णालयांबद्दल थोडक्यात. कॉर्पोरेटमध्ये पट्टी, बारकोड, सगळं असतं, आणि दर सहा महिन्यांनी सिस्टर बदललेली असते. तालुक्याच्या वीस खाटांच्या रुग्णालयात पांढरा कोट घातलेली मुलगी नोंदणीकृत परिचारिका असेलच असं नाही. बारावीनंतर तिथेच शिकलेली असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधल्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने पन्नास खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली होती. आपल्या गावात किती मिळतात ते कोणालाही विचारून पाहा. आणि आपण रुग्णाचे नातेवाईक? डॉक्टरांच्या पदव्या विचारतो, खोलीत एसी आहे का पाहतो, सिस्टर कोण आणि किती हे विचारत नाही.

पैसे कुठून आणायचे, हा आक्षेप खोटा नाही. सगळी पदं एका वर्षात भरली जाणार नाहीत. म्हणूनच मी आधी वॉर्डच्या दारावरचा फलक मागते आहे. त्याला अर्थसंकल्प लागत नाही. रुग्ण ३८, सिस्टर १, विद्यार्थिनी १, मावशी ०. दर पाळीला बदलायचं, खाली परिसेविकेची, म्हणजे वॉर्डच्या प्रमुख सिस्टरची, सही. त्यानंतर काही बिघडलं तर चौकशीची सुरुवात त्या फलकापासून होईल आणि उत्तर अधिसेविकेला (मेट्रनला), अधिष्ठात्याला, शेवटी सचिवालाही द्यावं लागेल. फलकाने लोक चिडतील, हाणामारी होईल, असं प्रशासन म्हणेल. लोक आजही चिडतात आणि समोर दिसेल त्या सिस्टरवर चिडतात. ३८ ला एक हे वाचलेला माणूस निदान सलाईन संपायच्या आधी हाक मारेल, आणि ट्रॉली शेजारच्या खाटेपाशी असताना ती रेंगाळत का आहे असं विचारणार नाही.

यासाठी नवी माहिती गोळा करायचीही गरज नाही. प्रत्येक सरकारी रुग्णालयात रात्री बाराला वॉर्डनिहाय रुग्णगणना होते आणि ती वहीत उतरते. अधिसेविकेच्या कार्यालयात ड्यूटीचं रजिस्टर असतं. दोन्ही शेजारी ठेवली की फलक तयार. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अशी माहिती रुग्णालयाने स्वतःहून मांडायला हवी. तोवर कोणालाही दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करता येईल. आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे मागायचं ते एवढंच: मागच्या महिन्यातल्या सगळ्या रात्रींची मध्यरात्रीची रुग्णगणना, आणि त्याच रात्रींचं परिचारिकांचं वॉर्डनिहाय ड्यूटीपत्रक. नावं वगळून, फक्त संख्या. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नवजात कक्ष आणि अतिदक्षता विभागापासून सुरुवात करा.